एक कोपर, दोन कोच

मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत, राहणार नेरूळ. उजव्या हाताची. तक्रार अशी की उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दोनेक महिन्यांपासून दुखतंय, बॉल फेकताना जास्त. पडल्याचं, मुरगळल्याचं आठवत नाही. झोपेत दुखत नाही. जड दप्तर उचललं की कधीतरी कळ येते.

एवढंच असतं तर लिहून काढण्यासारखं काही नव्हतं. खेळणाऱ्या मुलांची कोपरं आणि खांदे आम्हा फिजिओंकडे येतच असतात. पण या मुलीचे आईबाबा निवाडा मागायला आले होते. ती शाळेकडून बेसबॉल खेळते आणि शनिवार-रविवार गोल्फ शिकते. गोल्फच्या सरांचं म्हणणं, बेसबॉल बंद करा, स्विंग बिघडतोय आणि कोपरही त्यानंच गेलंय. शाळेच्या क्रीडा शिक्षकांचं म्हणणं, गोल्फ सुरू झाल्यापासून हिची बॅटिंग घसरली, बॉल खालून उचलायला जाते. आणि तो लोखंडी दांडा फिरवून फिरवून कोपर दुखणार नाही तर काय होणार? "मॅडम, दोन्हीतला कुठला बंद करायचा तेवढं सांगा," बाबा खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाले.

ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. आईबाबांची लिहायला हरकत नाही, मुलीचीही नाही. तिनं फक्त "माझी उंची लिहू नका" असं बजावलंय.

दोन्ही खेळ घरात कसे शिरले ते आधी सांगायला हवं, कारण अर्धं भांडण त्यातच आहे. आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आहे आणि सॉफ्टबॉलही आहे. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. मनपा किंवा जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी चढण. क्रिकेटला नावं द्यायला रांग लागते, बेसबॉलला नऊ जणी जमवायच्या तर सरांना वर्गावर्गातून फिरावं लागतं. हिचा हात सोसायटीत मुलांबरोबर क्रिकेट खेळून तयार झालेला. सरांनी पाचवीत हेरलं आणि वर्षभरात पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी, केलं. आईला हे मनापासून पसंत होतं: शाळेतल्या शाळेत, चार मैत्रिणींबरोबर, वेगळी फी नाही, शिवाय वरच्या पातळीपर्यंत मजल गेली तर दहावीला क्रीडा सवलतीचे गुण.

गोल्फ बाबांकडून आला. खारघरला डोंगरांच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फ कोर्स झालं तेव्हापासून नवी मुंबईत हा खेळ फक्त टीव्हीवर बघायचा राहिलेला नाही. ऑफिसातल्या कुणाबरोबर बाबा एकदा मुलीला घेऊन सहज गेले, तिनं पहिल्याच दिवशी सात नंबरच्या आयर्ननं (लोखंडी तोंडाच्या दांड्यानं) बॉल हवेत उडवला आणि प्रेम जडलं. कुणाचं, तर बाबांचं. हे मुलीनंच मला नंतर हळूच सांगितलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फर अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं, हे बाबा दर भेटीत सांगतात. त्यावर आईचं ठरलेलं उत्तर: २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉलही परत येतंय. शनिवारी सकाळी बापलेक बेलापूरहून मेट्रो धरतात आणि सेंट्रल पार्कला उतरतात. खांद्यावरची पिशवी बघून डब्यातला कुणीतरी "हॉकी का?" विचारतोच.

आता कोपर. आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो, त्यावर बोट ठेवून जरा दाब दिला की ती हात ओढून घ्यायची. मूठ वळवून मनगट आत वाकवायला सांगितलं आणि मी उलट जोर लावला की कळ तिथेच. सांधा सैल नव्हता, पण उजवा हात डाव्याइतका पूर्ण सरळ होत नव्हता, अगदी थोडा आखडत होता. वय बघता मी पुढे हात न घालता अस्थितज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तुलनेसाठी दोन्ही कोपरांचे एक्स-रे काढून घेतले. उजवीकडच्या उंचवट्यामागची ग्रोथ प्लेट (वाढत्या हाडातली कूर्चेची पट्टी) डावीपेक्षा किंचित रुंद दिसत होती.

याला लिटल लीग एल्बो म्हणतात. अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉलवरून पडलेलं नाव. वाढत्या वयात तो उंचवटा मुख्य हाडाला कूर्चेच्या पट्टीनं जोडलेला असतो. जोरात फेकताना कोपराची आतली बाजू ताणली जाते. मोठ्या खेळाडूंमध्ये हा ताण अस्थिबंधावर जातो आणि तो फाटूही शकतो. मुलांमध्ये ती कच्ची पट्टीच सगळ्यांत दुबळी कडी असते, म्हणून ती आधी कुरकुरते. वेळेवर विश्रांती मिळाली तर बरं होतं. दामटून खेळत राहिलं तर उंचवट्याचा तुकडा सुटूनही येऊ शकतो.

म्हणजे गोल्फचे सर जिंकले? बाबांच्या चेहऱ्यावर तसं दिसलं खरं. पण आईनं एक गोष्ट लक्षात ठेवली होती. वार्षिक परीक्षेच्या काळात बेसबॉल तीन आठवडे पूर्ण बंद होता. गोल्फ मात्र "तेवढाच विरंगुळा" म्हणून चालू. तरी दुखणं हललं नाही. "मग बेसबॉलचा दोष कसा?" बाबांचं म्हणणं, आधीची इजा भरायला वेळ लागतो. दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं. मोठ्या माणसांत ज्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, त्याची जागाही हाच उंचवटा. मनगट आणि बोटं मिटवणारे स्नायू तिथून सुरू होतात. उजव्या हातानं गोल्फ खेळणाऱ्याचा उजवा हात मागचा हात असतो आणि बॉलऐवजी जमिनीला फटका बसला की हिसका त्याच स्नायूंमधून वर जातो. गवत थोडं तरी दबतं, मातीचा तुकडा उडतो. रेंजवरची (फटक्यांच्या सरावाच्या जागेवरची) रबरी मॅट दबत नाही, दांडा तिच्यावरून उसळतो. शिकणाऱ्या मुलाचे निम्मे फटके असे जड बसतात. इजा बहुतेक फेकण्यानं सुरू झाली होती आणि मॅट तिला भरू देत नव्हती, असा माझा अंदाज. सिद्ध करून दाखवता येईल असं ते नाही.

मला जास्त रस खुब्यात होता. तिला पालथं झोपवलं, दोन्ही गुडघे काटकोनात वर, आणि पावलं बाहेरच्या बाजूला सैल सोडायला सांगितली. उजवा पाय सहज पडला. डावा अर्ध्यात अडला आणि तिनं नकळत कंबर उचलली. म्हणजे डावा खुबा आतल्या बाजूला वळायला आखडलेला. पिचिंग करताना उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर येऊन उतरतो आणि धड त्या पायावरून फिरतं. बॅट फिरवतानाही तेच. गोल्फच्या स्विंगमध्येही शेवटी सगळं वजन डाव्या पायावर आणि कटी डाव्या मांडीवर वळलेली. तिन्ही क्रिया एकाच बिजागरीवर. बिजागरी गंजली की वळण दुसरीकडून काढावं लागतं: कमरेतून, नाहीतर हातातून. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची कंबर हा वेगळाच विषय आहे. मागे वाकणं आणि वळणं एकत्र आणि वारंवार झालं की खालच्या मणक्यात बारीक ताणभंग होतात, वेगवान गोलंदाजांमध्ये ते आपण पाहतो. हिची कंबर सुदैवाने ठीक होती.

आता दोन्ही कोचांचा मूळ मुद्दा, एक स्विंग दुसऱ्याला बिघडवतो का? इथे थोडं थांबते, कारण पालक मला सगळ्यात जास्त हेच विचारतात.

साम्य खालून वर येतं. जोर पायातून सुरू होतो, आधी कटी वळते, मग छाती, मग हात आणि सर्वांत शेवटी दांडा किंवा बॅट. प्रत्येक भाग आधीच्याकडून वेग घेतो. हा क्रम जमलेला मुलगा गोल्फच्या रेंजवर पहिल्या दिवशीच बॉल लांब मारतो. आमच्या मुलीनं सात नंबरनं बॉल उडवला तो याच्याच जोरावर. फरक वर आहे. बेसबॉल दीडशे ग्रॅमच्या जरा आत, छाती-मांडीच्या दरम्यान कुठेही, आणि येत असतो. मोठ्यांच्या सामन्यात पिचर साडेअठरा मीटरवरून टाकतो आणि वेगवान बॉल पोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात, त्यात मारायचं की सोडायचं हेही ठरवायचं. गोल्फचा बॉल ४६ ग्रॅमच्या आत, जमिनीवर निवांत पडलेला, खेळाडूची वाट बघत. बॅटर बॉलकडे पाऊल टाकतो, गोल्फर पाऊल टाकत नाही. बॅटचा मार्ग जवळपास आडवा, दांड्याचा तिरका. बॅटला गोल कड असते, दांड्याच्या तोंडाला दिशा असते आणि ती एक-दोन अंशांनी चुकली तरी बॉल झाडीत.

म्हणून बेसबॉलवाली मुलं गोल्फमध्ये ठरावीक चूक करतात: कटी पुढे सरकते, हात मागे राहतात, तोंड उघडं पडतं आणि बॉल उजवीकडे वळत जातो. गोल्फवाली मुलं बॅट घेतल्यावर खांदा पाडून बॉल उचलायला बघतात. दोन्ही कोच जे बघत होते ते खरंच होतं. पण मूल हे दोन वेगळे प्रसंग आहेत हे शिकतं, आणि सराव वेगवेगळा राहिला तर बऱ्यापैकी लवकर शिकतं. आपलीच पोरं टेनिस बॉलनं गल्लीत आडवी बॅट फिरवतात आणि सीझन बॉलच्या नेटमध्ये कोच डोळे वटारून उभा असला की सरळ बॅटनं खेळतात. त्याला कुणी "स्विंग बिघडला" म्हणत नाही.

दोन्ही खेळ वरच्या पातळीवर खेळलेला माणूस हवाच असेल तर सॅम बर्ड आहे. न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाकडून खेळायचा, १९३२ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका) खेळला. सामन्याच्या शेवटी संघातला नामांकित बॅटर बेब रूथ थकला की त्याच्या जागी क्षेत्ररक्षणाला उतरायचा म्हणून त्याला बेब रूथचे पाय म्हणत. बेसबॉल सुटल्यावर तो व्यावसायिक गोल्फर झाला, अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या सहा पीजीए स्पर्धा जिंकला, मास्टर्स या मानाच्या स्पर्धेत खेळला, १९४५ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम फेरीत बायरन नेल्सनकडून हरला. पुढचा हात छातीपासून सुटू नये म्हणून काखेत रुमाल धरून मारायचा सराव त्यानं बेसबॉलमधूनच गोल्फमध्ये नेला, असं सांगतात. आजही गोल्फचे कोच मुलांना काखेत टॉवेल धरायला लावतात. हा किस्सा मी बाबांना सांगितला तेव्हा आई म्हणाली, एखादी बाई सांगा की. तीही आहे. बेब डिड्रिक्सन: १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांत सुवर्ण, उंच उडीत रौप्य, १९३४ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या) संघांविरुद्धच्या प्रदर्शनीय सामन्यांत पिचिंग, आणि त्यानंतर गोल्फमध्ये दहा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं. अर्थात अशा नावांवरून घरातल्या मुलीचं काही ठरवू नये. जे टिकले त्यांचीच नावं आपल्यापर्यंत येतात.

आणि "अनेक खेळ खेळले की इजा कमी होतात" हे आता सगळीकडे ऐकू येणारं वाक्य इथे जसंच्या तसं लागू होत नव्हतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं २०१६ च्या अहवालात एकाच खेळात झोकून देणं पंधरा-सोळापर्यंत लांबवा असं सांगितलंय, आणि ते मला पूर्ण पटतं. पण त्यामागचं गृहीत असं की दुसरा खेळ शरीराला वेगळं काम देतो. फुटबॉल आणि बॅडमिंटन, पोहणं आणि कबड्डी. गोल्फ आणि बेसबॉल डोक्याला वेगळे आहेत. उजव्या हाताच्या मुलीच्या कोपराला, कमरेला आणि डाव्या खुब्याला ते बरेचसे सारखेच. तेच वळण, त्याच दिशेनं, आठवड्यात पाच दिवस. घरात दोन खेळ मोजले जात होते, शरीर एकच मोजत होतं.

म्हणून पहिल्या भेटीत मी कुठलाच खेळ बंद करायला सांगितला नाही (फेकणं तेवढं लगेच थांबवलं) आणि एक वही दिली. दुखणं सुरू व्हायच्या सुमाराचा एक साधा आठवडा तिघांनी मिळून आठवून लिहायचा. किती वेळा फेकलं, किती वेळा पूर्ण ताकदीनं फिरवलं.

वही आली ती अशी. मंगळवार-गुरुवार शाळेचा सराव, प्रत्येक दिवशी साठ-सत्तर पिच, म्हणजे बॅटरला टाकतात तसे बॉल. वॉर्मअपचे वेगळे, ते कुणी धरतच नाही. आणि दुसऱ्या मुलीचा पिचिंगचा सराव सुरू झाला की कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बॉल झेलणारीच्या, जागी हीच, म्हणजे प्रत्येक बॉल परत फेकायचा. शनिवारी रेंजवर दोन बकेट, दीडशेच्या आसपास बॉल, सगळे मॅटवरून, त्यातले बरेच ड्रायव्हरनं (सर्वांत लांब मारायच्या दांड्यानं), कारण बाबांना लांब गेलेला बॉल बघायला आवडतो. रविवारी एक बकेट आणि मग कोर्सवर काही होल. बुधवारी संध्याकाळी नेटमध्ये बॅटिंग.

वही वाचून होते तोवर बरोबर आलेली आजी म्हणाली, "आणि रोज संध्याकाळी खाली काय करते ते नाही का लिहिलं गं?"

खाली म्हणजे सोसायटीत क्रिकेट. मुलं हिला मुद्दाम लांब उभी करतात, कारण तिथून थेट स्टम्पवर फेकणारी तीच एक. रोज तासभर. याची फी नाही, युनिफॉर्म नाही, कोच नाही, म्हणून ते वहीत आलंच नव्हतं.

सगळं धरून आठवड्याचे सोळा-सतरा तास झाले. शिकागो परिसरातल्या खेळाडू मुलांवरचा २०१५ चा एक अभ्यास आम्ही लोक फार वापरतो: वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास दर आठवड्याला खेळणाऱ्यांमध्ये अतिवापराच्या गंभीर इजा जास्त दिसल्या. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग पालकांना सांगायचा राहून जातो. शिस्तीतला, म्हणजे कोचच्या हाताखालचा, खेळ मोकळ्या खेळाच्या दुपटीपेक्षा जास्त झाला की धोका वाढतो. म्हणजे सोसायटीतलं क्रिकेट हे वाचवण्यासारखं होतं. दोन्ही कोचांनी "ते खालचं खेळणं तरी बंद करा" असं एकमुखानं सांगितलं, त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट, आणि मी नेमकी तीच मानली नाही. तिला विकेटकीपर उभं राहायला सांगितलं, बॉल गोलंदाजाकडे अंडरआर्म द्यायचा. मुलांनी दोन दिवस कुरकुर केली.

उपचाराचा भाग थोडक्यात. सहा आठवडे फेकणं शून्य. चार आठवडे पूर्ण स्विंग शून्य. पटिंग (होलजवळ बॉल जमिनीवरून हलकेच ढकलणं) पहिल्या दिवसापासून चालू, तिसऱ्या आठवड्यापासून दुखत नसेल तर गवतावरून छोटे चिप, म्हणजे जवळून हलके उचललेले फटके. बेसबॉलच्या सरावाला जायचं, बेसवरून धावायचं, स्कोअरशीट लिहायची, कारण घरी बसवलं की मूल संघातून मनानंही बाहेर पडतं. खुब्याचे व्यायाम रोज, आणि डाव्या हातानं बॅट आणि दांडा, दोन्हीचे हवेतले स्विंग. हे उलटे स्विंग तिला भारी आवडले. आरशासमोर करते आणि भावाला हसवते. सहा आठवड्यांनी अस्थितज्ज्ञांनी पुन्हा तपासून हिरवा कंदील दिला, मग एक दिवसाआड, आठ-दहा मीटरवरून सावकाश फेकणं. आधी अंतर वाढवायचं, मग संख्या, पिचिंग सगळ्यांत शेवटी.

खरं काम त्यानंतरचं होतं: वर्षाची वाटणी. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये पिच स्मार्ट नावाचे नियम काढले. ११-१२ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच, १३-१४ ला ९५. २१ ते ३५ पिच झाले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, त्यापुढे चार. पिचरनं त्याच सामन्यात कॅचर उभं राहायचं नाही. हे आकडे सरांना दाखवले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, अमेरिकेत एका संघात पाच पिचर असतात. माझ्याकडे ही एक आहे." त्यांचं चूक नव्हतं. शाळेकडे मैदान संध्याकाळी दीड तास, एक कॅचरचं हेल्मेट, आणि बहुतेक मुली दहावी जवळ आली की गळतात.

शेवटी ठरलं ते असं. आजारातून उठलेलं कोपर म्हणून सामन्यात ५० पिच, त्यापुढे एकही नाही, मग स्कोअर काहीही असो. कॅचर कधीच नाही. पिचिंगच्या दुसऱ्या दिवशी रेंज नाही. रेंजवर साठ बॉल, ड्रायव्हर त्यात दहा, आणि जमेल तिथे मॅटऐवजी गवत. सोमवार पूर्ण रिकामा. जून-जुलैत आपल्याकडे मैदानाचा चिखल होतोच, तो काळ फेकण्यापासून सुट्टीचा. पाऊस ओसरला की शालेय स्पर्धांचा मोसम, तेव्हा गोल्फ फक्त रविवारी आणि त्यातही पटिंग-चिपिंग जास्त. शालेय स्पर्धा संपल्या की एक महिना दोन्ही बंद. मग जानेवारीपासून गोल्फ पुढे, बेसबॉल मागे. हे लिहायला सोपं आहे. दोन कोच, दोन पालक आणि एक शाळा यांच्याकडून होकार मिळवायला कोपर बरं व्हायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ गेला.

मनपाच्या स्पर्धेत दुसऱ्या सामन्यात तिचे ५० पिच चौथ्या इनिंगमध्ये संपले. संघ दोन रन्सनी पुढे होता. सरांनी तिला काढलं, आठवीतली दुसरी मुलगी आली, घाबरली, एकामागून एक बॅटरना फुकट पहिल्या बेसवर पाठवत राहिली आणि सामना गेला. रात्री आईचा फोन आला, आवाज चढलेला: अजून दहा टाकले असते तर काय झालं असतं? बहुतेक काहीच झालं नसतं, असं मी खरंच सांगितलं. मर्यादा त्या एका दिवसासाठी नसते. सरांनी मात्र शब्द पाळला, आणि त्या आठवीतल्या मुलीला आता मंगळवारी वेगळा अर्धा तास देतात.

गोल्फच्या सरांबरोबरचं प्रकरण वेगळ्या वाटेनं सुटलं. मी त्यांना मोबाइलवर स्विंग समोरून टिपून ठेवायला सांगितलं होतं, उपचार सुरू होताना आणि नंतर महिन्या-महिन्यानं. पहिल्या चित्रफितीत कटी लक्ष्याकडे घसरत जाते, वळत नाही. हेच ते "बेसबॉलचं वळण" म्हणून दाखवत होते. चौथ्या महिन्यातल्या चित्रफितीत ती बऱ्यापैकी जागच्या जागी वळते. तोवर बेसबॉल पुन्हा सुरू झालेला होता. म्हणजे चुकीचा बराचसा भाग आखडलेल्या खुब्याचा असावा, असा माझा तर्क. एका मुलीवरून मी तो कुणाच्या गळ्यात मारणार नाही. सरांनी तर्क मानला नाही, पण बेसबॉल बंद करा म्हणायचं थांबवलं.

बाबांचा प्रश्न अजून तसाच आहे: शेवटी निवडायचं कधी? मी त्यांना पंधरानंतर म्हटलंय, आणि तेही तिनं स्वतः तोंडानं सांगितलं तर. खर्चाचा विचार करून घाई करावीशी वाटते हे मला कळतं. गोल्फ स्वस्त नाही, आणि वाढत्या मुलीला दर वर्षा-दीड वर्षानं काठ्या बदलाव्या लागतात. फार लांब काठी दिली की ती सरळ उभी राहून मारते आणि पुन्हा कमरेवर येतं. पण मध्येच एक खेळ सोडला तर दुसऱ्याचे तास आपोआप दुप्पट होतात हे मी अनेक घरांत पाहिलंय. त्या अर्थानं दोन खेळ असणं हाच तिच्या कोपराचा बचाव आहे, फक्त कुणीतरी बेरीज करत राहायला हवी. सध्या ही बेरीज आजी करते. तिला बेसबॉलचे नियम अजून कळलेले नाहीत, पण मंगळवारी किती पिच झाले ते विचारल्याशिवाय ती ताट वाढत नाही.

मागच्या भेटीत कोपर पूर्ण सरळ होत होतं, उंचवटा दाबून काही नाही, डावा खुबा उजव्याच्या जवळ आलाय, अजून बरोबरीला नाही. उंची वाढलीय (किती ते लिहीत नाही), त्यामुळे दर दोन महिन्यांनी खुबा आणि कोपर दोन्ही मोजायचं ठरलंय. नवीन अडचण एवढीच की शाळेत ॲथलेटिक्सची निवड झाली आणि सरांनी हिचा हात बघून भालाफेकीला नाव घातलं. डिड्रिक्सनची गोष्ट मीच सांगितली होती, त्यामुळे मुलगी ती माझ्यावरच उलटवत होती. या वर्षी नको, म्हणून मी चिठ्ठी लिहून दिली. त्याऐवजी मुलींच्या फुटबॉलमध्ये डाव्या बाजूला खेळायला कुणी मिळत नाही असं सरांनी निरोपात कळवलं. ते चालेल, असं मी उलट कळवलंय, सोमवार सोडून.